‘ध’चा ‘मा’ झाला खरा, पण आधी बीकन गप्प झाला होता

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: “शुक्राकडे निघालेलं अमेरिकेचं पहिलं यान, मरीनर १, एका हायफनमुळे नष्ट झालं असं आम्हाला सॉफ्टवेअरच्या तासाला सांगितलं. हे खरं आहे का? म्हणजे हा अमेरिकेचा ‘ध’चा ‘मा’ म्हणायचा का? एवढीशी चूक कुणाच्या नजरेस कशी आली नाही? आणि मोहीम पूर्ण वाया गेली का?”

थोडक्यात सांगायचं तर चिन्ह गळालं होतं हे खरं. पण केवळ त्याने यान बुडालं नाही. आणि ते चिन्ह बहुधा हायफन नव्हतंच.

मी एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन आणि कंट्रोलमध्ये काम केलं आहे. बॉयलर, टर्बाइन, रासायनिक कारखान्यांचे लूप (मोजमाप घेऊन आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साखळ्या), त्यांचे प्रोग्रॅम लिहिणं आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासणं हेच माझं आयुष्य. रॉकेटवर मी काम केलेलं नाही. पण मरीनर १च्या चौकशीत जे निघालं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला इतकं ओळखीचं आहे की या अपघाताचं वर्णन मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही ‘ध’चा ‘मा’ म्हणालात, ते एका वेगळ्या अर्थाने अगदी चपखल आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. राघोबादादांच्या हुकमातल्या ‘धरावे’चं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती इतकी सुटसुटीत आहे की गारद्यांच्या पगाराची तक्रार, गादीवरून घरात पेटलेला वाद, कटात कोण कोण सामील होतं, हे सगळं तिच्यामागे दडून जातं. मरीनर १चंही नेमकं तेच झालं. एक अक्षर लोकांच्या लक्षात राहिलं आणि बाकीची यंत्रणा विसरली गेली. फरक इतकाच की पेशव्यांच्या गोष्टीत कुणीतरी अक्षर मुद्दाम बदललं असं सांगतात. इथे कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं.

आता त्या रात्रीबद्दल. फ्लोरिडातलं केप कॅनाव्हरल, उड्डाणतळ क्रमांक १२. ॲटलास रॉकेट, त्याच्यावर अजेना बी हा दुसरा टप्पा आणि टोकाला सुमारे २०३ किलोचं मरीनर १. पहिला प्रयत्न २० जुलै १९६२च्या रात्री सुरू झाला, पण रेंज सेफ्टीच्या यंत्रणेतच बिघाड निघाल्यामुळे २१च्या पहाटे तो सोडून द्यावा लागला. रेंज सेफ्टी म्हणजे वाट चुकलेलं रॉकेट हवेतच फोडण्याची व्यवस्था. ती धड नसेल तर उड्डाण करायचंच नाही, हा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे. २१च्या रात्री उलटी मोजणी पुन्हा सुरू झाली. जमिनीवरच्या ट्रॅकिंग यंत्रणेतला एक भाग फार ‘नॉइज’ देत होता, तो बदलायला ४१ मिनिटं थांबावं लागलं. मग उड्डाणाला ८० सेकंद उरले असताना रेडिओ मार्गदर्शन यंत्रणेचा वीजपुरवठा हेलकावू लागला आणि आणखी ३४ मिनिटं गेली. तिथल्या घड्याळात पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं २३ सेकंद झाले तेव्हा ॲटलास उठलं. तारीख २२ जुलै, वार रविवार. आपल्याकडे दुपारचे तीन वाजायला आले होते.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग रेंज सेफ्टी ऑफिसरला दिसलं की रॉकेट ठरल्यापेक्षा ईशान्येकडे कलतंय. पाठवलेल्या दुरुस्त्यांनी ते सरळ होण्याऐवजी आणखी कलत गेलं. ४ वाजून २५ मिनिटांपर्यंत स्पष्ट झालं की हे असंच चालू दिलं तर ते उत्तर अटलांटिकमधल्या जहाजांच्या वाटेवर किंवा वस्तीवर कोसळू शकतं. उड्डाणाला २९३ सेकंद झाले असताना त्या अधिकाऱ्याने कळ दाबली. अजेना ॲटलासपासून वेगळं व्हायला ६ सेकंद उरले होते, आणि एकदा वेगळं झालं की ते फोडता येणार नव्हतं. स्फोट झाला तरी मरीनरचा ट्रान्सपाँडर (हाकेला उत्तर देणारा रेडिओ) पुढे ६४ सेकंद बोलत राहिला. समुद्राकडे कोसळत असतानाही यान जमिनीला उत्तर देत होतं. ही ओळ मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तेव्हा थांबतो. यानात काहीच बिघडलं नव्हतं. ज्या वाहनावर ते बसलं होतं त्याची वाट चुकली होती.

वाट का चुकली हे समजायला आधी ॲटलासला वाट कोण दाखवत होतं ते पाहू.

आज रॉकेटच्या पोटातच संगणक असतो. १९६२ मध्ये पुरेसा हलका आणि पुरेसा हुशार संगणक वर नेणं अवघड होतं. म्हणून ॲटलासच्या या जातीत डोकं जमिनीवर ठेवलं होतं. जनरल इलेक्ट्रिकची रडार यंत्रणा रॉकेटचा माग काढायची, बरोज कंपनीचा संगणक हिशेब करायचा आणि ‘इतकं डावीकडे वळ, इतकं खाली वाक’ अशा आज्ञा रेडिओने वर जायच्या. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन याच धर्तीच्या रेडिओ मार्गदर्शनावर ॲटलासने कक्षेत गेले होते. तेव्हा ही कच्ची, प्रयोगातली पद्धत होती असं समजू नका. माणूस बसवण्याइतका तिच्यावर भरवसा होता.

रडारला दोन गोष्टी हव्या असतात: रॉकेट कुठे आहे आणि किती वेगाने सरकतंय. दुसऱ्या गोष्टीसाठी रॉकेटवर एक बीकन बसवलेला असतो. जमिनीवरून हाक मारायची, बीकनने उत्तर द्यायचं आणि त्या उत्तराची कंप्रता किती सरकली यावरून वेग काढायचा. रेल्वेचं इंजिन शिट्टी वाजवत जवळून जातं तेव्हा आवाज बदलतो, तेच तत्त्व. या वेगाच्या बीकनवर सगळा हिशेब टेकलेला असतो.

त्या पहाटे हा बीकन नीट चालत नव्हता. उड्डाणाच्या काळात तो चार वेळा गप्प झाला. सगळ्यात छोटी गैरहजेरी दीड सेकंदाची होती आणि सगळ्यात मोठी ६१ सेकंदांची. हायफनची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक हा भाग सांगतच नाहीत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अपघाताची सुरुवात इथे झाली. पहिला दोष हार्डवेअरचा होता.

बीकन गप्प झाला की जमिनीवरचा रिसीव्हर काय करतो? तो शोधायला लागतो. आपण जुन्या रेडिओचा काटा स्टेशन सापडेपर्यंत इकडून तिकडे फिरवायचो, तसा तो आपली कंप्रता खालीवर फिरवत राहतो. या फिरण्याच्या काळात त्याच्याकडे जे आकडे असतात त्यांचा रॉकेटच्या वेगाशी काहीही संबंध नसतो. ते फक्त शोधणाऱ्याच्या हालचालीचे आकडे असतात. मार्गदर्शनाच्या प्रोग्रॅममध्ये अशा वेळी आकडे गाळून टाकायची सोय होती: बीकनचं उत्तर नाही म्हणजे आलेल्या आकड्यांकडे दुर्लक्ष करायचं आणि संपर्क परत येईपर्यंत धीर धरायचा.

गळालेल्या चिन्हामुळे नेमकी ही सोय निकामी झाली होती. संगणकाने रिसीव्हरच्या भटकण्याचे आकडे खरा वेग समजून घेतले, ते ट्रॅकिंगच्या खऱ्या माहितीत मिसळले आणि त्यावर दुरुस्त्या काढल्या. रॉकेट सरळ जात असताना संगणकाला वाटलं की ते चुकलंय. त्याने वळायला सांगितलं. रॉकेट आज्ञाधारक, ते वळलं. आता ते खरंच चुकलं होतं. मग पुढची दुरुस्ती, पुढची चूक. शेवटी रेंज सेफ्टी ऑफिसरला जे वळण दिसलं ते रॉकेटने स्वतःहून घेतलं नव्हतं, जमिनीवरून त्याला घ्यायला लावलं होतं.

आता ते चिन्ह कोणतं, याबद्दल. उड्डाणानंतरच्या चौकशी मंडळाने ‘डेटा एडिटिंग’च्या प्रोग्रॅमच्या सूचनांत एक हायफन राहून गेला असं म्हटलं. आठवड्याभरातच ‘हायफन नसल्याने शुक्राचं रॉकेट गेलं’ अशा अर्थाचे मथळे छापून आले. नासाच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे हायफनचं काम असं सांगितलं की रडारचा संपर्क परत येईपर्यंत आलेल्या माहितीकडे दुर्लक्ष करायची ती खूण होती. पुढे एका प्रसिद्ध विज्ञानकथाकाराने त्याला इतिहासातला सर्वांत महागडा हायफन म्हटलं आणि ते बिरुद कायमचं चिकटलं.

पण नंतर तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी जी मांडणी केली ती मला जास्त पटते. मार्गदर्शनाची समीकरणं हाताने लिहिलेली असायची. त्यात एक राशी होती. इंग्रजी ‘आर’ हे अक्षर, म्हणजे रडारपासूनचं अंतर. त्याच्या डोक्यावर टिंब, म्हणजे ते अंतर किती वेगाने बदलतंय. त्या टिंबाच्याही वर एक आडवी रेघ. गणितात अशी रेघ म्हणजे ‘सरासरी काढून गुळगुळीत केलेली किंमत’. हाताने उतरवताना ही रेघ राहून गेली आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कागदावर होतं तेच इमानदारीने संगणकात उतरवलं. आडवी छोटी रेघ, मग पत्रकारांना आणि समितीला समजावताना तिचा ‘हायफन’ झाला असेल, हे मला अगदी शक्य वाटतं. बाहेरच्या माणसाला आम्ही ‘फिल्टर टाइम कॉन्स्टंट’ समजावताना असंच काहीतरी बोलून मोकळे होतो.

मराठी वाचणाऱ्याला ही रेघ वेगळी समजावायला नको. शिरोरेषा काढली की ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची किती पंचाईत होते ते आपल्याला ठाऊक आहे.

ही रेघ एवढी महत्त्वाची का? समजा रडारकडून वेगाचे आकडे येतायत: १०००, १००३, ९९८, १००१, ९९७. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत.) रॉकेट प्रत्यक्षात एकसारखं चाललंय, थरथर फक्त मोजमापाची आहे. गुळगुळीत केलेली किंमत म्हणते, ‘हजारच्या आसपास, काळजी नको.’ कच्चे आकडे जसेच्या तसे घेतले तर संगणक म्हणतो, ‘वाढला, आता घटला, परत वाढला’, आणि प्रत्येक वेळी दुरुस्ती पाठवतो. त्यात बीकन गप्प झाल्यावरचे भरकटलेले आकडे आले तर विचारूच नका. एखादा आकडा बाकीच्यांपासून किती फटकून आहे हे कळायला आधी ‘बाकीचे’ म्हणजे काय ते माहीत असावं लागतं. ती ओळख त्या आडव्या रेघेत होती.

तिसरंही एक वर्णन आहे. तेव्हा नासात चंद्र आणि ग्रहांच्या मोहिमांची जबाबदारी असलेल्या एका अधिकाऱ्याने नंतर लिहिलं की हायफन आधीच्या ॲटलास उड्डाणांतही नव्हता, पण तेव्हा रेडिओ संपर्क तुटलाच नाही म्हणून समीकरणाच्या त्या भागाची गरज पडली नाही. तिन्ही वर्णनांत बारीक फरक आहेत, संगणक वर होता की खाली याबद्दलसुद्धा. पण तिघांचा सांगाडा एकच आहे: संपर्क तुटल्यावर वाईट माहिती गाळण्याची जी सोय होती ती चालली नाही.

आणि हे तिसरं वर्णन वाचताना मला माझा एक दिवस आठवतो.

एका वीज केंद्रात बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा लूप आम्ही बसवला होता. पातळी मोजणारा ट्रान्समीटर, त्याच्यावरून पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम. नियम असा होता की ट्रान्समीटरचा सिग्नल खराब असल्याची खूण आली की शेवटची चांगली किंमत धरून ठेवायची आणि ऑपरेटरला हाक मारायची. प्रोग्रॅममध्ये ही तपासणी दोन ठिकाणी असायला हवी होती. एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी राहून गेली होती. लूप तीन वर्षं सुरळीत चालला. इतका सुरळीत, की तो दाखवायला आम्ही दुसऱ्या ग्राहकांना तिथे घेऊन जायचो. मग एका पावसाळ्यात ट्रान्समीटरच्या टर्मिनलमध्ये ओल शिरली, वायर सैल झाली आणि सिग्नल नाचायला लागला. खराबीची खूण वर आली, पण प्रोग्रॅमने ती त्या दुसऱ्या ठिकाणी विचारलीच नाही. नाचरी किंमत खरी धरून व्हॉल्व्ह कधी पूर्ण उघडला, कधी पूर्ण मिटला. ऑपरेटरचा हात मॅन्युअलवर जाईपर्यंत बॉयलर ट्रिप झाला होता, म्हणजे आपोआप बंद पडला होता. कुणाला इजा झाली नाही, हे आमचं नशीब. तो प्रोग्रॅम तपासून सही करणारा मी होतो.

तेव्हा ‘एवढीशी चूक नजरेस कशी आली नाही’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून देत नाहीये. अशी चूक दिसत नाही कारण ती फक्त वाईट दिवशी जागी होते. चांगल्या दिवशी तो कोड चालतच नाही, आणि आपण बहुतेक चाचण्या चांगल्या दिवसाच्या घेतो. दुसरं कारण आणखी खोल आहे. प्रोग्रॅम ज्या कागदावरून लिहिला त्याच कागदावरून चाचणी बनवली, तर कागदातली चूक दोन्हीकडे उतरते आणि दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात. रेघ मूळ हस्तलिखितातच नसेल तर प्रोग्रॅमरला दोष देण्यात अर्थ नाही. तो कागदाशी प्रामाणिक राहिला. समीकरणाचा अर्थ समजणाऱ्या माणसाने शेजारी बसून ‘इथे सरासरी घ्यायला हवी ना?’ असं विचारलं असतं तरच ती सापडली असती.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो पाठ्यपुस्तकांतही शिरलाय आणि तुमच्या तासालाही कदाचित आला असेल. काही ठिकाणी लिहिलेलं असतं की मरीनर १ फोरट्रान भाषेतल्या एका ओळीमुळे गेलं: लूप (इथे अर्थ: त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणं) एकपासून दहापर्यंत चालवायचा होता, एक आणि दहा यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा होता आणि तिथे टिंब पडलं. फोरट्रान मोकळ्या जागा लक्षात घेत नाही, त्यामुळे ती सगळी ओळ ‘एका नव्या चलाची किंमत १.१०’ अशी वाचली गेली आणि लूप चाललाच नाही. अशी चूक खरोखर झाली होती, पण ती माणसाला अवकाशात पाठवणाऱ्या मर्क्युरी प्रकल्पाच्या कक्षा मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होती आणि नुकसान होण्याआधी सापडली. मरीनर १शी तिचा संबंध नाही. दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या, एवढंच. स्वल्पविराम, टिंब, हायफन, रेघ, सगळी बारीक चिन्हं असल्यामुळे सांगणाऱ्यांना त्या एकसारख्या वाटल्या.

कळ दाबणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. विद्यार्थी मला बरेचदा विचारतात, थोडं थांबला असता तर? थांबायला सहाच सेकंद होते. त्यानंतर अजेना वेगळं होऊन चुकीच्या दिशेला सुटलं असतं आणि थांबवायचा उपाय राहिला नसता. आपल्याकडेही हे घडलंय. २५ डिसेंबर २०१० रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेलं जीएसएलव्ही-एफ०६ आठवतं का? क्रायोजेनिक टप्प्याच्या खालच्या भागातले कनेक्टर अवेळी सुटले, वरच्या संगणकाच्या आज्ञा खालच्या, बाजूला बांधलेल्या स्ट्रॅप-ऑन इंजिनांपर्यंत पोचेनात आणि मिनिटभरात ते बंगालच्या उपसागरावर फोडावं लागलं. टीव्हीवर धुराचे फाटे पाहून घराघरांत लोक हळहळले होते. त्या हळहळीत मीही होतो. पण त्या कळीवर बसलेल्या माणसाने आपलं काम बरोबर केलं होतं, फ्लोरिडात १९६२ मध्ये आणि श्रीहरिकोट्यात २०१० मध्येही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मोहीम वाया गेली का?

याचं उत्तर १९६१ मध्येच ठरलं होतं. मुळात शुक्रासाठी मरीनर ए नावाचं मोठं यान नव्या सेंटॉर टप्प्यावरून पाठवायचं होतं. सेंटॉर वेळेत तयार होणार नाही हे दिसल्यावर कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने चंद्रासाठी बनवलेल्या रेंजर यानाच्या सांगाड्यावर एक हलकं यान उभं केलं, त्याला मरीनर आर म्हणतात. जॅक जेम्स यांच्या नेतृत्वाखाली हे सगळं अकरा महिन्यांच्या आसपास झालं. एवढ्या घाईत एकच यान बनवणं म्हणजे पैजेसारखं होतं. म्हणून दोन जुळी यानं बनवली. शुक्राकडे जायची सोयीची वेळ सुमारे एकोणीस महिन्यांतून एकदाच येते. १९६२ची खिडकी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडी होती. पहिलं गेलं तर दुसरं त्याच खिडकीतून पाठवता यावं, हाच बेत होता.

त्यामुळे २२ जुलैनंतर सगळ्यांना शोक करायला फुरसत नव्हती. दोष शोधायचे, समीकरणं दुरुस्त करायची, दुसरं ॲटलास आणि दुसरं यान त्याच तळावर उभं करायचं. ३६व्या दिवशी, २७ ऑगस्ट १९६२ रोजी, मरीनर २ सुटलं. दोष काय होता हे इतक्या लवकर समजलं नसतं तर ती खिडकी गेली असती. चौकशी मंडळाच्या त्या रूक्ष अहवालाचं मोल मला इथे दिसतं. कोणाचा दोष यावर वेळ घालवण्याऐवजी बीकन कितीदा आणि किती सेकंद गप्प होता हे त्यांनी मोजलं.

मरीनर २चं उड्डाणही सुरळीत झालं असं समजू नका. वर चढताना विजेच्या एका बिघाडामुळे ॲटलासच्या दिशा सांभाळणाऱ्या एका छोट्या व्हर्नियर इंजिनावरचा ताबा सुटला आणि रॉकेट स्वतःभोवती गरगरायला लागलं, सेकंदाला जवळजवळ एक फेरा या वेगाने. मग विजेचा तो बिघाड आपोआप नाहीसा झाला आणि रॉकेट थांबलं ते अजेनाला क्षितिज सापडेल अशा कोनात. कंट्रोलमधल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. त्या थांबण्यात कुणाचीही हुशारी नव्हती.

१४ डिसेंबर १९६२ रोजी मरीनर २ शुक्राजवळून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून जाताना त्याची माहिती पाठवणारं ते पहिलं यान. वाटेत त्याने सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा झोत मोजला, ज्याला आपण सौरवारा म्हणतो. शुक्राजवळ चुंबकीय क्षेत्र जाणवलं नाही. आणि ढगांखालचा पृष्ठभाग ४०० अंश सेल्सियसच्या वर तापलेला असल्याचं दिसलं. शुक्र म्हणजे दमट, हिरवीगार पृथ्वीची बहीण, ही तोपर्यंत अनेकांच्या मनात असलेली कल्पना तिथे संपली. ३ जानेवारी १९६३ रोजी यानाचा शेवटचा संदेश आला. मरीनर १वर हीच उपकरणं होती. तेव्हा विज्ञान बुडालं नाही, पाच आठवडे उशिरा निघालं.

शेजारी हेही मांडून ठेवा. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १ फेब्रुवारी १९६१ मध्ये शुक्राकडे व्यवस्थित निघालं, पण वाटेत त्याचा संपर्क तुटला आणि मे महिन्यात ते शुक्रापासून सुमारे एक लाख किलोमीटरवरून मुक्यानेच निघून गेलं. १९६२च्या त्याच खिडकीत, २५ ऑगस्ट, १ सप्टेंबर आणि १२ सप्टेंबरला, त्यांनी आणखी तीन यानं सोडली. तिन्ही पृथ्वीच्या कक्षेतच अडकली. म्हणजे त्या एका खिडकीतून पाच यानं निघाली आणि शुक्रापर्यंत एकच पोचलं. या प्रमाणाच्या शेजारी ठेवून मरीनर १कडे पाहिलं पाहिजे. त्या वर्षी अपयश हा अपवाद नव्हता.

तुम्ही सेमिनारसाठी हे मांडणार असाल तर काही गोष्टी नीट लिहा. खर्च १ कोटी ८५ लाख डॉलर असा तेव्हा सांगितला गेला होता. ८ कोटी डॉलरचाही आकडा फिरतो, तो घेऊ नका. ‘हायफन’ लिहिणार असाल तर चौकशी मंडळाचा शब्द म्हणून लिहा आणि आडव्या रेघेची मांडणी शेजारी द्या. फोरट्रानची ओळ वगळा. आणि पहिल्याच स्लाइडवर बीकनच्या त्या चार गैरहजेऱ्या काढा, वेळेच्या पट्टीवर, दीड सेकंदापासून ६१ सेकंदांपर्यंत. तुमच्या सरांनी विचारलं की सॉफ्टवेअरच्या विषयात हार्डवेअर कशाला, तर त्यांना सांगा की तो प्रोग्रॅम लिहिलाच होता बीकन गप्प बसेल त्या वेळेसाठी. माझ्या बॉयलरच्या लूपमध्ये मी आता कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा चालू करून देण्याच्या दिवशी ट्रान्समीटरची वायर स्वतःच्या हाताने सोडवतो, आधी पूर्ण, मग अर्धवट हलती ठेवून, आणि व्हॉल्व्हकडे बघत उभा राहतो.